फुकटातली तीन ऑफिसं

"फुकट म्हंजे विकत न्हवं न्हवं?" केशर आज्जीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हवं गं आज्जी! मासिक मामानं घेतलं, ही तबकडी त्याच्या पोटात हुती."

"आनि मासिक कुठं हाय?"

"ऱ्हायलं वास्कोत."

"मग चालंल," आज्जी म्हणाली आणि सुपातल्या तांदळाकडे वळली. तुळजानं सुटकेचा श्वास सोडला.

घरातलं माणूस गेलं की वर्षभर नवी वस्तू विकत आणायची नाही, हा कर्नाटकातल्या कॅसलरॉकच्या त्या सरकारी क्वार्टरातला कायदा होता. कायदा करणारी, राबवणारी आणि मोडणाऱ्याला शिव्या घालणारी केशर आज्जी एकटीच. तिचा मुलगा लखू, म्हणजे तुळजाचा अप्पा, वीज खात्यात लाइनमन होता. गेल्या डिसेंबरच्या अकरा तारखेला तो खांबावर चढला आणि उतरला तो लोकांच्या हातांवरून. वाऱ्यात सागाची फांदी आली, तारेवर पडायच्या ऐवजी माणसावर पडली. फांदीवर काही खटला भरता येत नाही. त्यामुळे सगळी शिक्षा घराला झाली. नवं लुगडं नाही, नवा तवा नाही, नवा खराटासुद्धा नाही. जुना खराटा इतका झिजला होता की तुळजाची अव्वा, म्हणजे आई सुशीला, लांबून बघणाऱ्याला अंगण मुठीनंच झाडतेय असं वाटायचं.

अशा घरात कॉम्प्युटर शिरला तो केवळ जुना होता म्हणून. तुळजाचा मारुती मामा वास्कोला एका जहाज कंपनीत चपराशी होता. पुढच्या वर्षी दोन हजार साल लागणार, तेव्हा जुने कॉम्प्युटर वेडे होणार, अशी कंपनीच्या साहेबांना धडकी भरली होती. त्यांनी जुने सगळे काढून टाकले. मामानं त्यातला एक, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि मासिकातली ती फुकट सीडीची तबकडी गोणपाटात गुंडाळली, आणि दिवाळीच्या दिवशी, ज्या दिवशी त्या घरात पणतीही लागली नव्हती, रेल्वेतून उतरवून दारात आणून ठेवली.

"ह्ये नवं हाय का जुनं?" आज्जीनं उंबऱ्यातच अडवलं.

"मावशे, वास घिऊन बगा. सात वर्सं साहेबाच्या बिडीचा धूर खाल्लाय ह्येनं."

आज्जीनं खरंच वास घेतला आणि वाट सोडली.

आणि तेव्हा एक गोष्ट घडली. अप्पा गेल्यापासून तुळजानं बोलणं रेशनवर टाकलं होतं. 'व्हय', 'न्हाई', 'जेवले', एवढ्या तीन शब्दांवर तिनं अकरा महिने काढले होते. दहावीच्या वर्गात गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं तर ती उभी राहायची, पण कविता काही यायची नाही. त्या दिवशी तिनं त्या पिवळट खोक्याभोवती एक फेरी मारली, मागची वायर उचलली आणि म्हणाली, "मामा, ह्येला अर्थिंग कुठं देयाचं?"

चुलीपाशी सुशीलाच्या हातातली पळी थांबली. लाइनमनची पोर बोलली होती.

बोलली ती बोललीच. जणू धरणाचा दरवाजा उघडून कुणीतरी चावी डोहात टाकली. दोन दिवसांत तिनं मामाकडून सगळं शिकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मामालाच शिकवायला लागली. मामा जीव वाचवून रेल्वेत बसला.

आता त्या तबकडीवर होती तीन ऑफिसं. म्हणजे अर्ज टंकायचे, तक्ते काढायचे प्रोग्रॅम. आज्जीला हे काही केल्या पटेना.

"तुज्या अव्वाला एका ऑफिसात कोन हुबं करून घेईना, आनि हितं तीन तीन ऑफिसं फुकट?"

आज्जीचं बोलणं वाकडं असलं तरी दुखणं खरं होतं. खात्याचा नियम असा, की लाइनमन कामावर असताना वारला तर वर्षाच्या आत त्याच्या बायकोनं अर्ज करायचा. मग तिला खात्यात शिपायाची जागा मिळते आणि क्वार्टर राहतं. अर्ज नसेल तर वर्ष भरल्यावर क्वार्टर खाली करायचं. लखूचा जोडीदार नागू लाइनमन बाराव्यालाच हे सांगून गेला होता. पण आज्जीचा नियम खात्याच्या वरचा. "वर्सश्राद्ध झाल्याबिगार त्येच्या जागंवर कुनी बसायचं न्हाई. बसायचं न्हाई तर मागायचं बी न्हाई. तितीला पान वाढू, मग त्याच दिवशी जावा आनि करा अर्ज. वर्साच्या आत झाला का न्हाई?"

सुशीला चुलीतले निखारे पुढे ओढत राहिली. ती कशावरच काही म्हणायची नाही. सगळं बोलायचं काम आता तुळजाकडे आलं होतं.

"अव्वा, तू काळजीच करू नगंस! अर्ज मी करनार. कॉम्प्युटरवर! तक्त्यात सगळ्यांची नावं, वयं, नातं... हातानं लिवलेलं कोन वाचतंय आता? साहेब बगूनच खुर्चीतनं उठंल!"

"उठू दे," सुशीला म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

पण तिन्हींपैकी ऑफिस निवडायचं कुठलं? खोक्याच्या पोटात जागा एकापुरतीच होती. पहिलं 'रॉयल ऑफिस'. त्यात महिरपी होत्या, वेलबुट्ट्या होत्या, छत्तीस प्रकारची अक्षरं होती, आणि उघडलं की सनईसारखं काहीतरी वाजायचं. मात्र ते तीस दिवसच फुकट. दुसरं 'होम डेस्क', कायमचं फुकट, पण दिसायला सरकारी दवाखान्यासारखं. तिसरं इतकं साधं की त्याला तक्ताच काढता येत नव्हता. तुळजाचा जीव रॉयलवर जडला होता. अर्ज काय एका दिवसाचं काम, तीस दिवस म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी!

"तीस दिवस फुकट आनि मग?" आज्जीनं विचारलं.

"मग विकत."

"म्हंजे उद्या विकत हुनारी वस्तू आज घरात घेयाची? सुतकाच्या वर्सात? न्हाई बा. देवाला इचारू."

म्हणून कौल लावायचा ठरला. त्या भागात म्हैस विकायची असली, पोरगी द्यायची असली, विहीर खणायची असली तरी देवाला कौल लावतात. दगडी मूर्तीला पाण्यानं फुलाची पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. पाकळी उजवीकडून पडली तर देव 'घे' म्हणतो, डावीकडून पडली तर 'नको'. ऑफिसचा प्रोग्रॅम निवडायला देवाला आजवर कुणी उठवलं नसावं. पण देवानं कधी 'हे माझ्या खात्यात येत नाही' असं म्हटल्याचंही ऐकिवात नव्हतं.

सुतकातली म्हणून आज्जी पायरीच्या खाली उभी राहिली. डोळ्यांना कमी दिसायचं, कानांना त्याहून कमी. लहान पोरीला चालतं म्हणून पुजाऱ्याशेजारी तुळजा. पहिलं गाऱ्हाणं रॉयलचं. पुजारी म्हणाला, "बाबा देवा, लेकराच्या घरात ह्ये, काय ते, रायल घालायचं हाय..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पाकळी डावीकडून टपकन पडली. इतक्या घाईनं, की देवाला जणू हा विषय आधीच माहीत होता.

दुसरी पाकळी होम डेस्कची. ती पडेचना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पुजाऱ्यानं एकदा मूर्तीकडे आणि दोनदा स्वतःच्या म्हशीकडे पाहिलं, जी कुणाच्या तरी वाफ्यात शिरायच्या बेतात होती. "देव इचार करतोय," म्हणून तो म्हशीमागे धावला.

"काय झालं गं?" खालून आज्जी ओरडली.

तुळजानं मूर्तीकडे पाहिलं. मूर्तीचं तोंड आपल्याकडे. म्हणजे देवाची डावी ती आपली उजवीच की! एवढ्या साध्या गोष्टीत गावच्या सगळ्या पुजाऱ्यांनी शेकडो वर्षं घोळ घातला असणार, आणि तो आज तुळजाच्या लक्षात आला.

"उजवी पडली, आज्जी!" ती ओरडली. "रॉयलची!"

असं रॉयल घरात आलं. तारीख होती नऊ नोव्हेंबर. पडद्यावर पाटी आली, 'शिल्लक दिवस तीस'. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. तिसऱ्या दिवशी दुपारी करंट गेला. कॅसलरॉकला करंट जाणं ही काही बातमी नव्हे. नवी गोष्ट एवढीच, की आता तो गेला की तिघीही क्षणभर हातातलं काम थांबवायच्या. तासाभरानं करंट आला. तुळजानं कॉम्प्युटर लावला. पडद्यावर तारीख एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. आणि रॉयलची पाटी म्हणत होती, 'शिल्लक दिवस तीस'.

खोक्यातली घड्याळाची बॅटरी मेलेली होती. करंट गेला की ते खोकं वय विसरायचं आणि सरळ ऐंशी सालात जाऊन बसायचं. मग रॉयलला वाटायचं, आपण इथं अजून आलोच नाही.

तुळजा आनंदानं नाचलीच. आता रॉयल जन्मभर फुकट! करंट जात राहिला म्हणजे झालं, आणि त्याची हमी अख्खा तालुका देत होता. मग घाई कसली? तिनं अर्जाला महिरप काढली. महिरप जड वाटली म्हणून वेल काढला. वेलावर चिमण्या बसवल्या. आज्जी म्हणाली, "मयताच्या अर्जावर चिमन्या?" म्हणून चिमण्या उडवून पणत्या ठेवल्या. 'माय हजबंड एक्सपायर्ड' हे वाक्य तिनं छत्तीस अक्षरांत लिहून पाहिलं. ते कुठल्याच अक्षरात चांगलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती लवकर उठली आणि कॉम्प्युटर न लावताच शाळेत गेली.

बाकी सगळं जमलं, फक्त एक खटकत होतं. रॉयल अर्जावर तारीख आपली आपण टाकायचं, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. म्हणजे सुशीलानं नवरा मरायच्या एकोणीस वर्षं आधीच, स्वतः परकरात असताना, त्याची नोकरी मागितली होती. तुळजानं मामाला कार्ड टाकलं, 'येताना घड्याळाची बॅटरी आणावी. बाकी सर्व क्षेम.'

मामा नऊ डिसेंबरला, गुरुवारी दुपारी आला. खोकं उघडलं, नवीन बॅटरी बसवली. आज्जीनं 'नवी?' म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं न लाजता सांगितलं, "साहेबाच्या कॉम्प्युटरातली काढलीया." तारीख खरी लावली. तुळजानं ऐटीत रॉयल उघडलं.

सनई वाजली नाही. पांढऱ्या पडद्यावर एकच शब्द होता. एक्सपायर्ड.

तो शब्द तुळजाला पाठ होता. खात्यानं पाठवलेल्या कागदावर अप्पाच्या नावापुढे तोच होता. ती खुर्चीची कडा घट्ट धरून बसली. महिरप, वेल, पणत्या, तक्ता, सगळा अर्ज त्या शब्दाच्या पलीकडे अडकला होता. देवाची डावी ही डावीच असते, हे तिला त्या क्षणी अगदी लख्ख समजलं.

"जाऊ दे की," मामा म्हणाला. "अर्ज तर कवाच दिला असनार तुमी."

"द्याचा हाय," आज्जी म्हणाली. "तीस तारखेला. मार्गशीर्स वद्य अष्टमी तवा येतीया."

मामाच्या हातातला चहा बशीबाहेर सांडला. "मावशे! औंदा अधिक महिना आला न्हवं का! तुमची तिती गेली फुडं. खातं काय पंचांग बगतंय? तारखेनं वर्स परवा भरतंय! अकराला! आनि परवा दुसरा शनिवार, ऑफिस बंद! म्हंजे उद्या! उद्या सांजच्याला खिडकी बंद झाली की क्वार्टर गेलं!"

आज्जीनं भिंतीवरच्या पंचांगाकडे असं पाहिलं, जणू तेही साहेबाच्या बिडीच्या धुरात वाढलेलं निघालं. सुशीलानं सांडलेला चहा पुसला.

"आत्ती..." ती सासूला म्हणाली.

"बोलू नगंस!" आज्जी म्हणाली. "वर्साच्या आत मागायचं न्हाई म्हंजे न्हाई." मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "काय करायचं ते करा. मी बगत न्हाई."

"अव्वा, गप्प बस! मी करते!" तुळजा म्हणाली. तिनं रॉयल पुसून टाकलं. आता कौलाला वेळ नव्हता. मामा म्हणाला, "होम डेस्क घाल. नावातच घर हाय, घरच्यासारकं वागंल." ते घालायलाच दोन तास लागले. अर्ज पुन्हा टंकायला घेतला. तक्त्यात आज्जीच्या वयापर्यंत पोचली आणि करंट गेला. आला तेव्हा तक्ता नव्हता. मग तिनं कागदावर लिहून ठेवलं, पहाटे उठून पुन्हा टंकलं, आणि दुपारपर्यंत तीन प्रती काढल्या. प्रिंटरची फीत जुनी, अक्षरं वरून काळी आणि खाली येईस्तोवर फिकट राखाडी. वाचून बघायला सवडच नव्हती. शाई ओली असतानाच कागद पिशवीत गेले आणि मायलेकी बसमध्ये.

कॅसलरॉकपासून तालुक्याच्या गावापर्यंत, जोयड्यापर्यंत तुळजा बोलत होती. साहेब काय विचारेल, आपण काय सांगायचं, नाही म्हणाला तर कुणाकडे जायचं, इंग्रजीत रडायचं की कन्नडात. अव्वानं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तुळजानं तिच्या मांडीवर हात ठेवून "तू घाबरू नगंस" म्हटलं. जगलबेटला बस पाऊण तास बंद पडली, तेव्हाही तुळजा बंद पडली नाही.

जोयड्याच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा साडेचार झाले होते. खिडकीमागे कृष्णप्पा कारकून होता. तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्या खुर्चीचाच आकार आलेला माणूस. त्याची खात्री होती की जगात दोनच प्रकारचे कागद असतात, आलेले आणि न आलेले.

"नाळे बा," तो सवयीनं म्हणाला.

"उद्या न्हाई, आजच!" म्हणत तुळजानं तिन्ही प्रती खिडकीतून आत सरकवल्या. मागून सुशीलाचा हात पुढे आला, "तुळजे, थांब..." पण कागद आत गेलेले होते.

कृष्णप्पानं चष्मा लावला. वरची ओळ वाचली. मग चष्म्यावरून सुशीलाकडे पाहिलं. "लखू लाइनमन, कॅसलरॉक. अम्मा, तुमचा अर्ज आलाय की."

"व्हय, आत्ताच दिला!" तुळजा म्हणाली.

"आत्ताचा न्हवं." त्यानं मागच्या कपाटातून लाल नाडीची फाइल काढून उघडली. "ह्यो बगा. जून दोन. हातानं लिवलेला, मराठीत. मयताच्या आईची संमती, ह्यो अंगठा. वर कारवारला जाऊन आलाय. जानेवारीत हुकूम निगायचा हाय."

तुळजानं वाकून पाहिलं. पट्टीनं ओढलेल्या ओळींवर अव्वाचं अक्षर, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं, गोल गोल, मण्यांसारखं. 'माझा नवरा कामावर मेला.' एवढंच. महिरप नाही, काही नाही. अकरा महिन्यांचं जुनं मौन परत आल्यासारखं झालं.

"आता ह्यो दुसरा," कृष्णप्पा म्हणाला, आणि त्याचा आवाज पडला. "एका मयताचे दोन अर्ज. दोन अर्ज झाले की दोन्ही परत. चौकशी लागती, खरा कुठला, खोटा कुठला. वरीस जाईल."

"वरीस?" सुशीला म्हणाली. "मग क्वार्टर?"

कृष्णप्पा फाइलची नाडी बांधत राहिला. ज्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं ते तो देत नसे.

"मग ह्यो परत द्या! आमी दिलाच न्हाई!" तुळजा ओरडली.

"खिडकीतनं आत आलं म्हंजे आलं, बाळ. आवक झाली." त्यानं भलंथोरलं आवक रजिस्टर ओढलं, टाक झटकला आणि उसासा सोडला. त्यालाही वाईट वाटत होतं. पण वाईट वाटायचा रकाना त्या रजिस्टरात नव्हता. सुशीलानं खिडकीचे गज धरले. वर्षभरात तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलं तुळजानं पाहिलं नव्हतं. आताही आलं नाही.

नोंद करण्याआधी कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा, हा कृष्णप्पाचा नेम. त्यानं अर्ज वाचला. तक्ता वाचला. सहीची जागा वाचली. मग सगळ्यात खाली, राखाडी शाईच्या शेवटच्या फिकट ओळीवर त्याचं बोट थांबलं. तो कागद उजेडाकडे घेऊन गेला.

"ह्ये काय छापलंय?"

तुळजानं वाचलं आणि तिचे कान तापले. होम डेस्क फुकट कसं, ते आता कळत होतं. दर पानाखाली, न विचारता, त्यानं बारीक इंग्रजीत एक ओळ छापली होती: केवळ घरगुती वापरासाठी. ऑफिसच्या कामासाठी नाही.

कृष्णप्पानं दुसरी प्रत पाहिली, तिसरी पाहिली. तिन्हींवर तीच ओळ. त्यानं टाक खाली ठेवला. तीस वर्षांत त्याच्या पुढ्यात खोटे अर्ज आले होते, फाटके आले होते, एकदा बकरीनं चघळलेलाही आला होता. पण मी ऑफिसचा नव्हेच, असं स्वतः लिहून देणारा कागद पहिल्यांदाच आला होता.

"ह्यो घरगुती कागद हाय," तो अखेर म्हणाला. "तसं खाली छापलंय. घरगुती कागदाची आवक करता येत न्हाई." आणि तिन्ही प्रती खिडकीतून बाहेर आल्या. "घिऊन जावा. घरी वापरा."

रजिस्टर मिटलं. सुशीलानं गज सोडले.

बाहेर चिंचेखाली तुळजा मटकन बसली. "तू सांगितलं का न्हाईस गं?"

"अधिक महिना आला तवाच कळलं मला, आत्तींचा हिशेब चुकनार. कागद लाल नाडीत बांदले, रेशन कार्डाला अंगठा पायजे म्हनून सांगितलं त्यास्नी, आनि दिला अर्ज." सुशीला शेजारी बसली. "त्येंच्या पुढ्यात कसं सांगू? म्हनलं, येताना बशीत सांगावं. बशीत तू जागाच ठिवली न्हाईस."

"पर एवडा म्हैना मी टंकत बसले..."

"बसलीस की." सुशीलानं पिशवीची नाडी ओढली. "बोलत हुतीस ना पर. म्हनलं, बोलू दे." मग जरा थांबून, "आता घरला गेल्यावर मातुर गप. तिती होईस्तोवर आत्तींना ह्यातलं एक अक्षर कळाय नगं. त्यांचा जीव जाईल."

वीस दिवस गप्प राहायचं! तुळजाला खांबावर चढणं त्यापेक्षा सोपं वाटलं. पण परतीच्या बसमध्ये ती खरंच गप्प बसली, अव्वाच्या खांद्याला टेकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बरोबर अकरा तारखेला, आज्जी ओट्यावर तांदूळ निवडत होती. आदल्या संध्याकाळी तिनं काही विचारलं नव्हतं. आता मान वर न करता म्हणाली, "काय झालं म्हनं अर्जाचं?"

"परत दिला, आत्ती," सुशीला हळूच म्हणाली. "घरगुती हाय म्हनाले."

तुळजानं जीभ दातांखाली धरली. आज्जीनं सुपातला एक खडा वेचला, अंगणात भिरकावला.

"बरं झालं," ती म्हणाली. "एका मानसाच्या मरनाला दोन अर्ज कशाला?"

सुशीलानं हातातला तांब्या खाली ठेवला. "आत्ती... तुमाला..."

"रेशन कार्डाला अंगठा लावून लावून म्हातारी झाले मी. त्येच्यावर लाल नाडी कवा बगितली न्हाई." आज्जीनं दुसरा खडा वेचला. तो बराच वेळ बोटांत धरून ठेवला. "पर तितीपतूर मला ह्यातलं कायबी ठावं न्हाई. त्या दिवशी पान वाढून झालं की दोगी माज्या म्होरं या आनि सांगा. मी आरडाओरडा करीन."

ती उठली, सूप आपटलं, आणि आत जाता जाता म्हणाली, "घाबरू नगासा. थोडाच करीन."